हॉकीची काठी आणि आपल्या मुली

 

आज आपण कर्जाचा हप्ता, पासबुक किंवा शेळीचे लसीकरण यावर बोलणार नाही. आज हॉकीवर बोलायचे आहे. आता कोणी म्हणेल, हॉकीचे आणि गटाचे काय नाते? आपल्या वर्धा जिल्ह्यात शाळेच्या मैदानावर कबड्डी दिसते, खो-खो दिसतो, रिकाम्या वावरात पोरे क्रिकेट खेळतात. हॉकीची काठी फार थोड्या गावांत पाहायला मिळते. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला. कारण भारताच्या महिला हॉकी संघात खेळलेल्या बहुतेक मुली आपल्यासारख्याच घरांतून आल्या आहेत. कोणाचे वडील गाडा ओढणारे, कोणाचे शेतकरी. त्या कशा पुढे आल्या, घरच्या बायकांनी त्यात काय केले, आणि आपल्या मुली कुठे अडतात, हे नीट समजून घेऊ.

हा खेळ आहे तरी कसा

आधी खेळ समजून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. हॉकीत एका बाजूला ११ खेळाडू असतात, त्यातली एक गोलरक्षक. मैदान सुमारे ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. सामना १५-१५ मिनिटांच्या चार भागांत होतो, म्हणजे सारा मिळून एक तास. चेंडू साधारण १६० ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक. काठी एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने गोल असते. चेंडूला फक्त सपाट बाजूच लावता येते. डावखुऱ्या मुलीसाठी वेगळी काठी नसते, तिलाही सगळ्यांसारखीच काठी धरायला शिकावे लागते. चेंडूला पाय लागला की चूक धरतात, गोलरक्षकाला मात्र पाय चालतो.

गोल कुठूनही मारला तर चालत नाही. गोलाच्या पुढे अर्धवर्तुळासारखी रेघ आखलेली असते. त्या रेघेच्या आतून मारलेला चेंडूच गोल धरला जातो. समोरच्या संघाने त्या रेघेच्या आत चूक केली तर पेनल्टी कॉर्नर मिळतो. हा प्रकार आम्हाला फार आवडतो. एक मुलगी गोलाच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलते. दुसरी तो रेघेबाहेर अचूक थांबवते. तिसरी तो गोलात मारते. सारे दोन-तीन सेकंदांत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येते ते तिसरीचे. पण पहिलीने चेंडू वाकडा ढकलला किंवा दुसरीच्या काठीवरून तो उडाला, तर तिसरी काय मारणार? गटाचा हिशेब लिहिणारी, बँकेत जाणारी आणि बैठकीत बोलणारी अशा तिघी वेगळ्या असतात, हे आपल्याला सांगायला नको.

छावणीपासून रेल्वेपर्यंत

हॉकी आपल्या देशात इंग्रजी अमलात आली ती लष्कराच्या छावण्यांतून. पुढे ती रेल्वेच्या वसाहती, कारखान्यांची मैदाने आणि मिशनच्या शाळा यांत रुजली. म्हणून महाराष्ट्रात हॉकीचे नाव काढले की पुण्याजवळची खडकी आठवते. तिथे छावणी आहे, दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि हॉकीची जुनी मैदाने आहेत. धनराज पिल्ले याच खडकीचे. त्यांचे वडील मैदानाची देखभाल करत. घरात भावंडे बरीच आणि पैसा थोडा. मोडलेल्या काठ्या दोरीने बांधून आणि लोकांनी टाकून दिलेल्या चेंडूंनी ही भावंडे खेळायला शिकली. तेच धनराज पुढे चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळले. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या कप्तानीत भारताने सुवर्णपदक मिळवले. पुरुष हॉकीत हे पदक ३२ वर्षांनी परत आले होते.

पण आमचा जीव गुंततो तो पुण्याच्याच एलिझा नेल्सन यांच्या गोष्टीत. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या हॉकीला पहिल्यांदा जागा मिळाली ती १९८० साली, मॉस्कोत. पुरुषांची हॉकी त्याआधी किती तरी वर्षे तिथे खेळली जात होती आणि भारताचे पुरुष १९२८ पासून सुवर्ण जिंकत होते. मॉस्कोला गेलेल्या पहिल्या महिला संघात एलिझाताई होत्या. तो संघ चौथा आला. दोन वर्षांनी, १९८२ साली, दिल्लीत आशियाई स्पर्धा भरल्या. आशियाई स्पर्धेतही महिला हॉकी तेव्हा पहिल्यांदाच ठेवली होती. कप्तान होत्या एलिझा नेल्सन आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढे पद्मश्रीही मिळाली.

आता तुमच्या गटात विचारून पाहा, किती जणींना हे नाव माहीत आहे? आम्ही विचारले. एकीलाही माहीत नव्हते. धनराज पिल्ले चार-पाच जणींना माहीत होते, सचिन तेंडुलकर साऱ्यांना. यात बायकांचा दोष नाही. आपल्यापर्यंत जे पोचवले गेले तेवढेच आपल्याला कळले. मात्र मुलीला समोर कोणी दिसले नाही तर तीही तसे व्हायचे मनात आणत नाही. म्हणून ही नावे घरात उच्चारली गेली पाहिजेत.

१९८० नंतर भारतीय महिला पुन्हा ऑलिंपिकला पोचल्या त्या थेट २०१६ साली, रिओत. मधली ३६ वर्षे रिकामी गेली. एवढ्या काळात तेव्हाच्या मुलींच्या मुलीही मोठ्या झाल्या. या मधल्या काळात संघ खेळत होता, जिंकतही होता. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांनी सुवर्ण आणले. 'चक दे इंडिया' हा २००७ चा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी टीव्हीवर पाहिला असेल, त्याला धागा मिळाला तो याच विजयाचा. सिनेमा साऱ्यांच्या लक्षात राहिला, खऱ्या खेळणाऱ्या मात्र थोड्यांच्या.

टोकियोची ती दोन आठवड्यांची गोष्ट

२०२१ साली टोकियोत ऑलिंपिक झाले. आपल्याकडे तेव्हा पेरण्या आटोपून निंदण-डवरणीचे दिवस होते आणि करोनाची भीती गेली नव्हती. भारतीय महिला पहिले तीन सामने हरल्या. नेदरलँड्सने ५-१ असे हरवले, मग जर्मनीने, मग ब्रिटनने. अशा वेळी घरात काय बोलले जाते ते आपण जाणतो. जमत नाही तर कशाला जायचे, असेच ना? पण चौथ्या सामन्यात त्यांनी आयर्लंडला १-० ने हरवले. पाचव्यात दक्षिण आफ्रिकेला ४-३ ने. त्या सामन्यात वंदना कटारियाने तीन गोल केले. ऑलिंपिकच्या एका सामन्यात तीन गोल करणारी ती पहिली भारतीय महिला.

मग २ ऑगस्टला समोर आली ऑस्ट्रेलिया. जगातल्या बलाढ्य संघांपैकी एक. गुरजित कौरने पेनल्टी कॉर्नरवर एक गोल केला आणि बाकीचा सारा वेळ सविता पुनियाने गोल राखला. भारत १-० ने जिंकला आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पहिल्यांदाच पोचला. पुढे अर्जेंटिनाकडून २-१ ने हार झाली आणि कांस्यपदकाचा सामना ब्रिटनने ४-३ ने जिंकला. पदक हुकले. चौथा क्रमांक आला. मैदानावर मुली रडल्या आणि ते पाहणाऱ्या आपल्यातल्या कित्येक जणीही रडल्या.

याच दिवसांतली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, ती गोड नसली तरी. उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात वंदनाच्या घरासमोर काही लोकांनी फटाके फोडले आणि तिच्या घरच्यांना जातीवरून शिव्या दिल्या. पोलिसांत तक्रार झाली. तिचे वडील ऑलिंपिकच्या काही महिने आधीच वारले होते. देशासाठी तीन गोल करणाऱ्या मुलीच्या घरावर ही वेळ आली. खेळाने जात आपोआप पुसली जाते असे आम्ही म्हणणार नाही. एवढे म्हणू की वंदना त्यानंतर दोनच दिवसांनी पुन्हा मैदानात उतरली आणि ब्रिटनविरुद्ध गोल केला.

राणीची आई

त्या संघाची कप्तान होती राणी रामपाल. हरियाणातल्या शाहाबाद मारकंडा गावची. वडील गाडा ओढून पोट भरायचे. राणीने आपली गोष्ट स्वतः वेळोवेळी सांगितली आहे. तिच्या गावात हॉकीचे चांगले प्रशिक्षण होते. तिथे बलदेव सिंग नावाचे शिक्षक मुली तयार करत. तिला काठी घेऊन द्यायला घरी पैसे नव्हते, तेव्हा तिने मोडक्या काठीवर सुरुवात केली. नातेवाईक म्हणायचे की ही आता आखूड कपड्यांत पळणार. ती सलवार-कमीज घालून धावली, पण धावली.

दोन गोष्टी आम्हाला विसरता येत नाहीत. पहिली दुधाची. सरावाला येणाऱ्या प्रत्येक मुलीने अर्धा लिटर दूध प्यायचे असा नियम होता. राणीच्या घरी २०० मिलिलिटरच परवडायचे. ती त्यात पाणी घालून अर्धा लिटर करायची, कारण तिला खेळायचे होते. दुसरी गोष्ट पहाटेची. सराव भल्या पहाटे असायचा आणि घरात घड्याळ नव्हते. तिची आई रात्री जागत राहायची, आभाळाकडे बघून वेळ ठरवायची आणि मुलीला उठवायची.

ताईंनो, आभाळ बघून वेळ ठरवणे आपल्याला नवे नाही. कापूस वेचायला जाताना, ओलिताची रात्रपाळी असताना आपणही ते करतो. फरक एवढाच की त्या आईने ते मुलीच्या खेळासाठी केले. तिला हॉकीतले काही कळत नसेल. पण मुलीला पहाटे कुठे पोचायचे आहे, हे तिला पक्के कळत होते.

राणी १४ व्या वर्षी भारताकडून खेळली. २०२० साली तिला पद्मश्री आणि खेलरत्न हे दोन्ही मान मिळाले. २०२४ साली ती खेळातून निवृत्त झाली.

पुढे संघाची धुरा आली झारखंडच्या सलीमा टेटेकडे. सिमडेगा जिल्ह्यातल्या बडकीछापर या लहानशा आदिवासी गावची ही मुलगी. त्या भागात हॉकी म्हणजे जत्रेसारखी. गावोगावच्या सामन्यांत जिंकणाऱ्या संघाला बोकड बक्षीस मिळतो. पोरी बांबूच्या काठ्यांवर शिकतात. तिथे मैदान, काठी आणि बक्षीस हे तिन्ही गावाने गावापुरते उभे केले. सरकार नंतर आले. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. शंकरपटाला, कबड्डीच्या सामन्यांना वर्गणी काढून बक्षिसे लावणारी आपली गावे मुलींच्या खेळाला एक बोकड लावू शकत नाहीत का?

फलटणच्या मुली

आता कोणी म्हणेल, हरियाणा आणि झारखंडचे ठीक आहे, आपल्या महाराष्ट्राचे काय? तर साताऱ्याकडे बघा. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके ही शेतकऱ्याची मुलगी. ती भारताच्या महिला संघात आली आणि चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ साली, कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. त्याच फलटण तालुक्यातल्या वाखरीची अक्षता ढेकळे २०२२ साली भारताकडून खेळली. ऋतुजा पिसाळ ही याच तालुक्यातली तिसरी. २०२३ च्या जूनमध्ये जपानला मुलींचा ज्युनियर आशिया चषक झाला. भारताने तो पहिल्यांदाच जिंकला, अंतिम सामन्यात कोरियाला २-१ ने हरवून. त्या संघात वैष्णवी आणि ऋतुजा दोघी होत्या.

एकाच तालुक्यातून तीन मुली. हा योगायोग नाही. जिथे एक शिक्षक वर्षानुवर्षे टिकून शिकवतो, एक मैदान मुलींसाठी मोकळे राहते आणि पहिली मुलगी पुढे गेलेली गाव पाहते, तिथे दुसरी आणि तिसरी तयार होते. आपल्या गटांचेही तसेच नाही का? गावात पहिला गट उभा करायला वर्ष लागले, पुढचे पाच गट सहा महिन्यांत झाले.

आणि एक. पुण्याला बालेवाडीत राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. खेळात चमक दिसणाऱ्या मुला-मुलींना लहान वयातच चाचण्या घेऊन तिथे निवडतात. त्यांचे राहणे, जेवण, शिक्षण आणि सराव सारे एका जागी होते. धावणे, उडी, लवचिकपणा, चेंडूफेक अशा गोष्टी बघतात. म्हणजे हॉकी आधी येत असलीच पाहिजे असे नाही. जी पोरगी वावरातून घरापर्यंत धावत येते, झाडावर सरसर चढते, तिच्यातही हे गुण असू शकतात.

आपल्या मुली कुठे थांबतात

आता आपल्या अंगणातले बोलू. आमच्या गटांत फिरताना एक गोष्ट दिसते. सातवीपर्यंत पोरी खेळतात. तालुक्याला जाऊन बक्षीसही आणतात. आठवी-नववीत मैदानावरून गायब होतात. मागे एका ग्रामसंघाच्या बैठकीत यावरून बराच वाद झाला. एका मुलीला शाळेच्या संघाबरोबर जिल्ह्याच्या सामन्यांना पाठवायचे होते. घरून नकार होता. एक मावशी म्हणाल्या, "पोट्टीच्या जातीले धावून काय भेटते? उद्या हात-पाय मोडला तं लगन कोण करन?" दुसरी ताई लगेच बोलली, "वावरात इळा लागून बोट कापलं तवा कोणी इचारलं नाही लगनाचं!" सारे हसले, पण प्रश्न हसण्यावारी गेला नाही. त्या दिवशी आम्ही फळ्यावर कारणे लिहून काढली.

पहिले कारण पाळी. त्या चार दिवसांत मुलगी मैदानात जात नाही, आणि चाराचे पुढे चाळीस होतात. पाळीत खेळल्याने काही बिघडत नाही. दुखत नसेल, चक्कर येत नसेल तर मुलगी खुशाल धावू शकते. तिला पॅड, बदलायला जागा आणि आईचा एक धीराचा शब्द लागतो. शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, हे आपण कितीदा जाऊन पाहिले?

दुसरे कारण अशक्तपणा. मुलगी धावली की धापा टाकते, मग घरी म्हणतात हिला झेपत नाही. खरे तर रक्त कमी असते. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. शाळेत सहावीपासून पुढच्या मुलामुलींना आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मिळते. ती मुलगी खाते की दप्तरात ठेवते, ते विचारा. गोळी जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही. घरात तुरीचे वरण, भिजवलेले चणे, शेंगदाणे, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडे, आणि सोबत लिंबू. आणि मुख्य म्हणजे मुलीचे ताट शेवटी वाढायचे नाही.

तिसरे कारण कपडे आणि नजरा. यावर एकट्या आईला भांडता येत नाही. पण पाच घरांच्या पोरी ट्रॅक पँट घालून एकत्र निघाल्या की बोलणारे आठ दिवसांत गप्प बसतात.

चौथे कारण सुरक्षा, आणि ते खरे आहे. मुलींना बाहेरगावी न्यायचे तर सोबत शिक्षिका किंवा गावातली एखादी बाई हवीच. सरावाची वेळ, जागा आणि परत येण्याचे साधन आई-बापाला माहीत हवे. शिकवणारा माणूस मुलीला एकटीला बोलावतो, अंगाला हात लावतो, धाक घालतो असे काही दिसले तर गप्प बसायचे नाही. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे, फुकट लागतो, तो भिंतीवर लिहून ठेवा. मुलीने असे काही सांगितले तर तिचा खेळ बंद करायचा नाही, त्या माणसाचे तिथे येणे बंद करायचे.

पाचवे कारण मैदान. शाळेचे मैदान दिवाळीच्या सुमारास सोयाबीन वाळवायला, उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवाला आणि एरवी बंड्या उभ्या करायला. उरलेल्या जागेत मोठी पोरे क्रिकेट खेळतात. पोरी कडेला उभ्या राहतात. यात आपणही आहोत, कारण सोयाबीन आपलेच असते.

खेळून काय मिळते, खरे खरे

आम्ही कोणाला खोटी आशा दाखवणार नाही. भारताच्या संघात एका वेळी पंधरा-वीस मुली असतात. राज्यभरातून हजारो मुली खेळल्या तरी तिथे पोचतात एखाद-दोन. मुलगी हॉकी खेळली म्हणजे घराचे दारिद्र्य फिटले, असे समजून कोणी कर्ज काढू नये. हांगझोऊला कांस्यपदक मिळवणारा आपला हाच महिला संघ २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला पात्रही ठरू शकला नाही. खेळात असे चढ-उतार असायचेच.

पण संघात न पोचलेल्या मुलीच्या हातीही काही उरते. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्याला ठरावीक स्पर्धांतले यश आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. रेल्वे आणि पोलीस दलातही खेळाडूंची भरती होते. भारताच्या कित्येक हॉकीपटू रेल्वेत नोकरी करतच खेळल्या. म्हणून मुलीचे प्रत्येक प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाबरोबर जपून ठेवा. आणि पैसे द्या, खेळाचे प्रमाणपत्र आणून देतो, असे म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका. अशी बनावट कागदे पुढे पकडली जातात आणि मुलीची नोकरी जाते.

याहून मोठे एक आहे, ते कागदावर येत नाही. खेळणारी मुलगी हरते, रडते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते. पंचाने चूक धरली तर ऐकते आणि तिला पटले नाही तर कप्तानामार्फत विचारते. ती बाहेरगावी जाते, एसटीचे तिकीट काढते, अनोळखी मुलींबरोबर जेवते. आपल्यातल्या कित्येक जणी हे सारे बचत गटात आल्यावर शिकल्या, वयाच्या तिशीत आणि चाळिशीत. मुली तेराव्या वर्षी शिकल्या तर किती बरे. आणि जिला पुढच्या वर्षी विभागाला खेळायचे आहे, ती सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढायला सहजी तयार होत नाही. अठरा वर्षांचा कायदा आहेच. पण घरात 'मला अजून खेळायचे आहे' म्हणणारी मुलगी असली की त्या कायद्याला जोर येतो.

गट काय करू शकतो

सांगितले ते पुष्कळ झाले. आता करायचे काय? आम्ही पाच कामे सुचवतो. एका महिन्यात यातली दोन झाली तरी चालतील.

पहिले, येत्या बैठकीत प्रत्येक गटाने गावातल्या ११ ते १५ वर्षांच्या मुलींची यादी करावी. कोण खेळते, कोणी सोडले आणि का सोडले, एवढेच लिहावे.

दुसरे, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. तिच्यात मैदानाचा विषय लेखी द्यावा. रोज संध्याकाळी एक तास मैदान फक्त मुलींचे, आणि सोयाबीन वाळवायला दुसरी जागा, असा ठराव मागावा. विषय कागदावर आला की तो पुढे ग्रामसभेत मांडता येतो.

तिसरे, वर्ध्याला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. गटाच्या दोघी-तिघींनी मिळून जावे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. त्या कधी आहेत, क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या कधी असतात, हॉकी शिकवणारे जवळ कोण आहे, हे विचारावे. तालुका, मग जिल्हा, मग नागपूर विभाग आणि मग राज्य अशी ती वाट आहे. अर्जाच्या तारखा निघून गेल्यावर कळून उपयोग नसतो.

चौथे, हॉकीच सुरू करायची असेल तर महागडी काठी लागत नाही. शिकायला साधी लाकडी काठी काही शे रुपयांत येते. सहा काठ्या आणि चार चेंडू गावाने घेतले तर बारा मुली आळीपाळीने शिकू शकतात. चेंडू टणक असतो, म्हणून नडगीला पॅड हवेतच, त्यात काटकसर नको. हिरवे कृत्रिम मैदान नसले तरी सुरुवात मुरमाच्या मैदानावर होते. खडे मात्र वेचून घ्या, मुली आणि आया मिळून एका सकाळी होईल ते काम. आणि हॉकी जमत नसेल तर कबड्डी, खो-खो, धावणे, काहीही चालेल. २०२५ साली दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला, त्याची कप्तान आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. त्याच वर्षी शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. खेळ कोणताही असो, मुलगी घराबाहेर आली पाहिजे.

पाचवे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड. मुलीचा सामना बघायला जा. एक दिवसाची मजुरी बुडेल, आम्हाला कळते. साऱ्यांनी जायला नको, पाळी लावा. या वेळी दोघी, पुढच्या वेळी दुसऱ्या दोघी. मैदानाच्या कडेला आपल्या गावच्या बाया लुगड्याचा पदर खोचून उभ्या आहेत, हे मुलीला दिसले की ती कशी धावते ते एकदा बघाच. आणि ती हरली तर घरी जाताना स्वयंपाकाचे बोलू नका, खेळाचे बोला.

पुढच्या महिन्यात याच वेळी आपण रक्तक्षयावर आणि परसबागेतल्या भाज्यांवर बोलू. तोपर्यंत तुमच्या गावच्या मुलींची यादी तयार ठेवा आणि प्रभाग संघाच्या बैठकीला घेऊन या. तिथे आम्ही ती मोठ्याने वाचणार आहोत, एकेका मुलीचे नाव घेऊन.